चौथ्या गाण्याचं भांडण

"आज पण आणलाय का कागद?" वहिनींनी दार उघडताच विचारलं.

गिटारवाल्याने खिशावर हात ठेवला. तीन जिने चढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. दर गुरुवारी तेच जिने आणि तसलाच कागद. या वयात माणसाने घरी पाय पसरून बसावं, तर हा गृहस्थ भांडायला निघायचा.

बुवा खिडकीशी बसला होता. रॉक बँडच्या गायकाला बुवा हे नाव ड्रमवाल्याने चाळीस वर्षांपूर्वी चेष्टेत ठेवलं, ते कायमचं चिकटलं.

"बुवा, आपल्या पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती निघतेय," गिटारवाला म्हणाला. "तेव्हा प्रत्येक गाण्याखाली आपली दोघांची नावं टाकायची रीत होती. आता खरं काय ते छापायचंय. चौथं गाणं माझं एकट्याचं. सही कर."

बुवा खिडकीबाहेरच बघत राहिला.

"चाल मीच बांधली. तू तर झोपला होतास."

एरवी एवढ्यावर बुवा उसळायचा. "तुझी तार तुटली होती! तू ती बदलेपर्यंत अख्खं गाणं बांधून झालं होतं माझं!" मग टेबलावर ठेका धरायचा, दोन ओळी गाऊन दाखवायचा आणि कागद टराटरा फाडायचा.

"आणि तार वगैरे काही तुटली नव्हती," गिटारवाल्याने आवाज चढवला.

बुवाने पेन मागितलं.

"असेल बाबा तुझंच. कुठे करू सही?"

त्याने सही करून कागद पुढे सरकवला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. गिटारवाल्याला तो कागद उचलवेना. शेवटी वहिनींनीच उचलला.

त्या त्याला दारापर्यंत सोडायला आल्या.

"मागच्या गुरुवारी भांडता भांडता मला नावाने हाक मारली होती ह्यांनी," त्या म्हणाल्या. "किती महिन्यांनी ओळखलं मला."

"पुढच्या वेळी ड्रमवाल्याला घेऊन येतो, वहिनी. तिसऱ्या गाण्यावरून भांडू."

"या, भाऊजी."

दाराजवळच्या फळीवर नवी आवृत्ती वर्षभर पडून होती. वहिनींनी कागद तिच्या कव्हरात सरकवला. चौथ्या गाण्याखाली एकट्या बुवाचं नाव होतं, गिटारवाल्याने हट्टाने स्वतःचं काढायला लावून छापून घेतलेलं.