गेटपासून सुरुवात

“मिटले डोळे. आता गेटपासून सुरुवात कर,” राणीसरकार म्हणाली.

दादाने मांडीवर दोन माहितीपुस्तिका उघडल्या. एक टेकडीवरच्या विद्यापीठाची, एक नदीकाठच्या. दोन्हीकडे बिझनेसचा कोर्स होता, दोन्हीकडे तो नुकताच जाऊन आला होता, आणि उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. दुपार कलली होती. पडद्यातून आलेलं ऊन छतावर हलत होतं आणि आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन एका सुरात चाललं होतं. अशा वेळी आपण जागे आहोत की झोपेत, तेच माणसाला कळत नाही.

राणीसरकार म्हणजे त्याची धाकटी बहीण. लहानपणी एका तापात तिचे पाय गेले ते गेलेच. तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत बसून ती घरभर हुकूम सोडायची, म्हणून हे नाव. आणि तेव्हापासूनच दोघांचा हा खेळ होता. दादाने बाहेर बघितलेलं सांगायचं आणि तिने डोळे मिटून तिथे फिरून यायचं. बाजार, सर्कस, मामाचं नवं घर, सगळं ती अशीच हिंडली होती. शाळेचा अभ्यासही तिने घरी बसूनच केला. दादाचं एक वर्ष गणिताने गिळलं, त्यामुळे बारावी दोघांनी बरोबरच दिली. ती पहिल्या नंबरांत, तो साठ टक्क्यांच्या काठावर. निकालाच्या दिवशी जो तो आला त्याने तिची पाठ थोपटली आणि त्याला विचारलं, “मग, पुढे काय?”

“आधी टेकडीवरचं,” तो म्हणाला. “आपल्याच गावात. नुसते बारावीचे मार्क बघतात, परीक्षा नाही की मुलाखत नाही. आला त्याला घेतात म्हण ना.”

“ते राहू दे. गेटच्या आत काय आहे?”

“दगडी पायऱ्या. चढताना नाकी नऊ येतात. वर्ग पार वरच्या मजल्यावर.”

“झाडं?”

“एक. तेही वाळकं.”

“मग चल इथून,” ती डोळे न उघडता म्हणाली. “नदीकाठी जाऊ.”

नदीकाठचं नाव निघालं की दादाचा आवाज आपोआप खाली यायचा. गेटपासून इमारतीपर्यंत फरशीची वाट. दोन्ही बाजूंना उंच झाडं, त्यांच्या सावल्या चालताना अंगावरून सरकत जातात. वाचनालयात जुन्या कागदांचा वास, आणि खिडकीखाली संथ पाणी. तो सांगत गेला, ती हलकेच मान डोलवत गेली. छतावरचं ऊनही त्याला आता पाण्यासारखं दिसायला लागलं.

“फरशी सपाट आहे की उखडलेली?”

“सपाट. वेडाबाई, फरशीचं काय घेऊन बसलीस?”

“मला नीट दिसायला हवं ना. दारं केवढी?”

“हत्ती जाईल एवढी.”

“लिफ्ट?”

“आहे की. आत आरसासुद्धा आहे, तुझं ध्यान बघायला.”

“आणि मुलींचं वसतिगृह?”

“तिकडे फिरकलो असतो तर रखवालदाराने टाळकं सडकलं असतं माझं!”

दोघंही हसली. पण हसता हसता दादाची नजर तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर गेली. त्याचा सगळा जीव नदीकाठी अडकला होता, खोटं कशाला बोला? पण नदीकाठ म्हणजे दिवसभराचा प्रवास. तो गेला, तर हिला जग कोण दाखवणार? ही अशीच डोळे मिटून बसणार, आणि गेटपासून सुरुवात करून द्यायला कुणी नसणार. त्याने पुस्तिका मिटली.

“ठरलं माझं. टेकडीवरच जातो. तुला इथे एकटीला टाकून मला नाही जायचं.”

आतलं मशीन थांबलं. राणीसरकारने डोळे उघडले. त्यांत झोपेचा मागमूसही नव्हता.

“दादा, नदीकाठी प्रवेशाला काय काय लागतं, ते वाच बरं.”

“कितीदा वाचू? पाठ झालंय मला.”

“पाठ झालंय म्हणूनच म्हणते. वाच.”

त्याने वाचलं. बारावीला साठ टक्के. प्रवेश परीक्षा. मुलाखत. दोन फोटो.

“पुढे?”

“पुढे काही नाही. संपलं.”

“चालता यायला हवं, असं कुठे लिहिलंय?”

दादाने पुन्हा पानावर नजर फिरवली. कुठेच नव्हतं. हे पान रोज वाचून त्याने आपले मार्क साठच्या वर कसेबसे बसतात ना, हे पुन्हा पुन्हा ताडून बघितलं होतं. तिचे मार्क तर तिथे कधीच पोचले होते आणि हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्याचे कान लाजेने गरम झाले. फरशी, दारं, लिफ्ट. अरे देवा! ही स्वप्नात हिंडत नव्हतीच. ही स्वतःसाठी जागा बघत होती.

“अगं, पण तू...” आई दारात येऊन म्हणाली.

राणीसरकारने खुर्ची दादाकडे वळवली. “तू टेकडीवर जा नाहीतर नदीकाठी, तुझं तू बघ. पण आधी फोन लाव, आणि मुलींच्या वसतिगृहाला उंबरा आहे का, तेवढं विचार.”