काठोकाठ पियाली

कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम बसवताना उघडणारी ती जुनाट, करडी खिडकी नफोसतनं पार पालटून टाकली. आता पडद्यावर एक निळी पियाली चहानं भरत जायची. काठोकाठ भरली की काम फत्ते! ताश्कंदच्या त्या ऑफिसात पसंतीचा मान सर्वांत ज्येष्ठ सनोबर ओपांचा, म्हणजे सनोबरताईंचा. पियाली भरली आणि ओपांनी फणकाऱ्यानं पर्स उचलली.

"ओपा, आवडलं नाही?"

"अगं, पाहुण्याला अर्धीच पियाली देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. काठोकाठ भरलीस म्हणजे 'प्या आणि वाट धरा'! आईनं शिकवलं नाही?"

नफोसतनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

"बसा ओपा, तुम्हाला अर्धीच! ही भरलेली जुना प्रोग्रॅम काढून टाकताना त्याला देऊ. त्यालाच तर घालवायचंय!"