पिवळ्या डब्यातली काडतुसं

“घाई नको. श्वास सोड आणि मग दाब,” मर्ल पुटपुटला आणि दुर्बिणीला डोळा लावून स्वतःच श्वास धरून बसला.

समोरच्या उतारावर, चारशे दहा यार्डांवर, एल्क जातीच्या मोठ्या हरणाचा नर आडवा उभा होता. शिंगं एवढी, की मान कशी पेलते कोण जाणे. मर्लची लेक ट्वायला पोटावर पडून नेम धरत होती. या डोंगरावरच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघायला तिला सोळा वर्षं लागली होती. एक परवाना, एक जनावर. नुसतं जखमी होऊन दरीत उतरलं असतं, तर सोळा वर्षं पाण्यात. आणि बापाची अब्रूही त्याच पाण्यात.

कारण गोळी बापाची होती. निदान सगळं गाव तसं समजत होतं.

चाळीस वर्षांत मर्लने तयार काडतूस विकत घेतलं नव्हतं. पितळी नळ्या धुऊन, बंदुकीची दारू कणाकणाने तोलून तो एकेक काडतूस घरी भरायचा. शेजारचा क्लेटन दरवर्षी दुकानातली पेटी घेऊन यायचा आणि दरवर्षी शेकोटीपाशी मर्लचं ऐकून घ्यायचा. “घरचं सोडून हॉटेलचं जेवतोस होय रे? चारशे यार्डांवर दुकानची गोळी म्हणजे अंधारात मारलेला दगड!”

आणि यंदा मार्चमध्ये नको ते झालं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा मर्लचा नेम. त्या दिवशी काम संपवून बघतो तर समोर दोन डबे, दोन्ही उघडे. वीस काडतुसं भरून तयार, आणि कुठल्यात कोणती दारू गेली ते देवालाच ठाऊक. चुकीची गेली असेल तर बंदूक तोंडावर फुटणार. ट्वायलाच्या तोंडावर. मर्ल बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. हल्ली ते थरथरायचे, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने वीसही काडतुसं उकलली. दारू बायकोच्या गुलाबांच्या मुळाशी ओतली. मग साठ मैलांवरच्या, आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा गावी जाऊन दुकानातून तीन कंपन्यांच्या पेट्या आणल्या. ट्वायलाची बंदूक त्याच्याकडेच असायची. ती वाळूच्या पिशवीवर टेकवून त्याने एकट्यानेच तिन्ही झाडून बघितल्या. तिसऱ्या कंपनीच्या गोळ्या बंदुकीने चारशे यार्डांवर बशीएवढ्या जागेत नेऊन बसवल्या. मर्लला बरंही वाटलं आणि संतापही आला. “मग चाळीस वर्षं मी काय झक मारली?” तो बंदुकीलाच म्हणाला.

तरी त्याने ती काडतुसं आपल्या जुन्या पिवळ्या डब्यात भरली आणि वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली. कारखान्याच्या काडतुसाला बुडाशी लाल रंगाची बारीक कडी होती. एरवी तो बुडं वर ठेवायचा. या वेळी टोकं वर ठेवली.

बार झाला.

नर दोन पावलं चालला, गुडघ्यांवर आला आणि जागच्या जागी आडवा झाला. एका गोळीत.

“मानलं रे म्हाताऱ्या!” मागून क्लेटन ओरडला. “तुझ्या हाताची सर नाही बाबा कशाला!” मर्लने टोपी उगाचच काढून परत घातली. पोरीने बाजी मारली म्हणून त्याला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले होते, आणि त्या आनंदात ते पिवळं डबडं खड्यासारखं लागत होतं.

दुपारपर्यंत मांस बांधून झालं. क्लेटन घोड्यांकडे गेला. ट्वायला रिकामं काडतूस, कागदाचा कपटा आणि पेन्सिल घेऊन बापाशेजारी येऊन बसली. घरची रीतच होती. प्रत्येक मोठ्या शिकारीचं काडतूस खिडकीत उभं राहायचं आणि त्यात गुंडाळलेली चिठ्ठी असायची: कुणी मारलं, किती यार्ड, कोणती दारू, किती.

“लिहा, बाबा.”

मर्लने यार्ड लिहिले, लेकीचं नाव लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

“हे माझ्या हातचं नाही गं,” तो म्हणाला. “विकतचं आहे.”

ट्वायलाने कोटाच्या खिशातून एक पेटी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. दुकानातली. न फोडलेली.

“आई फोनवर म्हणाली, तुझे बाबा यंदा गुलाबांना बंदुकीची दारू घालतायत. भरताना काहीतरी चुकलं असणार, हे कळलं आणि त्याच दिवशी आणली मी ही. तुमची काडतुसं मी वापरणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? डोंगरावर आल्यापासून दोन दिवस खिशात घेऊन फिरतेय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होते. आज सकाळी आधी तुमचा डबा उघडला, तर टोकं वर! एक उचलून बघितलं, बुडाशी लाल कडी.” तिने बापाचा थरथरता हात आपल्या हातात घेतला. “बाबा, तुमच्या गोळीवरचा माझा भरवसा गेला होता. ती कडी बघितली आणि तुमच्यावर दुप्पट बसला.”

मर्लने नाक पुसलं. मग चिठ्ठी गुडघ्यावर नीट सरळ केली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात शेवटची ओळ लिहिली: दारू किती, ते दुकानदाराला विचारा.

आणि घोड्यांच्या दिशेने तोंड करून त्याने जोरात हाक मारली, “ए क्लेटन! इकडे ये. मी आज हॉटेलचं जेवलोय.”