भेकराचा वाटा

पाटणच्या वरच्या रानात हल्ली भेकरांपेक्षा शिकारीच जास्त झाले होते. पार जतपासूनचे हौशी यायचे, रान तुडवायचे आणि हात हलवत परत जायचे. सयाजी मात्र बिलंदर. माणसांना विटलेली भेकरं फॉरेस्टच्या चौकीमागं, करवंदीच्या जाळीत निवांत रवंथ करत बसतात, हे त्यानं हेरलं होतं. तिथं जायची कुणाची छाती होणार? यानं भरदुपारी चौकीतल्या साहेबांचं घोरणं ऐकत तिथंच फास लावला आणि भेकर घरी आणलं.

वाडीचा रिवाज असा, की शिकारीचा वाटा प्रत्येक घरात द्यायचा. खाल्लं त्याचं तोंड बंद. ज्यानं वाटा नाकारला, तोच खबर देणार हे ओळखायचं. सयाजी स्वतः दारोदार हिंडला. कुणीच नाही म्हणालं नाही. मग गडी निर्धास्त होऊन जेवायला बसला. बायकोनं, रंगूबाईनं, भाकरी आणि खर्डा वाढला.

"अगं, कालवण कुठाय?"

"आपला वाटा म्या चुलीवर चढवलाच न्हाई."

सयाजीचा घास हातातच राहिला.

"सोलताना पोटातलं पिल्लू बगितलं न्हवं तुमी? पोटुशी लेक म्हायेराला आलीया, आन् तुमी गाभण जीव मारून आणला."

"रंगू, कुणाला बोललीस का काय?"

तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"सावकाश जेवा. सायेब थांबतो म्हणालेत भायेर."