लिंबावरच्या चिंध्या

"काका, जाहिरातीतलं तळं कुठंय?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून प्लॉट दाखवणाऱ्या साहेबाला मी सगळ्यांसमोर विचारूनच टाकलं. तो हसला, "पावसाळ्यात दिसंल, बेटा." नांदेडात, गोदावरीकाठी एवढा स्वस्त प्लॉट मिळतोय म्हणून अब्बा खूश होते. समोरच्या कडुलिंबावर उंच चिंध्या लटकताना पाहून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. "मन्नतीच्या दिसतात. दर्गा हाय का इथं?" "हाव चाचा, लई पवित्र जागा!" साहेब म्हणाला. अम्मीनं मलाही ओढणीची चिंधी बांधायला पाठवलं. मी सरसर वर चढले. एकाही चिंधीला गाठ नव्हती. पुरानं अडकवलेल्या जलपर्णीत एक फ्रॉक होता, बटणं लावलेला, माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुखसारच्या मापाचा. साहेबानं दाखवलेल्या नमुना घराचं छत माझ्या पायांखाली होतं. अब्बांच्या हातात सहीसाठी पेन. मी ओरडले, "अब्बा, मी इथं राहणार न्हाई! रुखसारलाही येऊ देणार न्हाई."