दुसरं पॅराशूट

युद्धात बाबांनी ज्यांचं विमान पाडलं होतं, ते वैमानिक आज बाबांना भेटायला आले होते. लेकीनेच पत्रं धाडून त्यांना शोधून काढलं होतं आणि आता जिन्यातच ते थांबून तिला म्हणाले,

"पोरी, विमानात आम्ही दोघं होतो. पॅराशूट मात्र एकच उघडलं, माझं."

बाबा तर आयुष्यभर दोन पाहिल्याचं सांगत आले होते. त्यांचं हृदय आता जराही धक्का सोसणारं नव्हतं. तिने हात जोडले. "काका, एवढं त्यांना सांगू नका."

खोलीत दोघा म्हाताऱ्यांचं लगेच जमलं.

"नेम बरा होता हो तुमचा!" पाहुणे म्हणाले.

"तुम्ही तरी काय कमी पळवलंत मला!" बाबा हसले.

ती चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवू लागली. तेवढ्यात बाबांनी विचारलंच, "तुमचा तो जोडीदार कसा आहे?"

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मजेत आहे. नातवंडांनी नुसता छळ मांडलाय त्याचा."

तिचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे गेल्यावर ती बाबांच्या पाठीशी उशी सरकवू लागली. ते अजून दाराकडेच बघत होते.

"एकच उघडलं होतं गं," ते म्हणाले. "तुझ्या आईला तोंड कसं दाखवू, म्हणून दोन म्हणालो. मग तेच सांगत राहिलो. उद्या त्यांना परत बोलाव. त्या दुसऱ्याचं नाव विचारायचं राहिलं."