एकशे सव्वीस

"आजही नाही जमणार," म्हणत नर्सनं ईरम्मांच्या दंडाचा पट्टा सोडला. बी.पी.चा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढं गेलं. पदरानं डोळे टिपत ईरम्मा नवऱ्याचा, चनबसप्पांचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या. वर्ष झालं, सकाळच्या पूजेला डाव्या तळहातावर घेतलेलं गळ्यातलं इष्टलिंग त्यांना दिसत नव्हतं. दिसायचा तो नुसता काळा डाग. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल, एवढं दिसू दे, असं त्या म्हणायच्या.

पण चनबसप्पा हळहळत बसणाऱ्यांतले नव्हते. सूतगिरणीत तीस वर्षं फिटर होते. यंत्र उगाच बिघडत नाही, कुठंतरी काहीतरी सैल झालेलं असतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग रोज गोळी खाऊनही बी.पी. उतरत नाही म्हणजे काय? त्यांना चैन पडेना. आणि खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच डोक्याला काम मिळालं म्हणून बरंही वाटत होतं.

आधी त्यांनी बी.पी.चं मशीन आणलं. ते खोटं तर बोलत नाही ना, हे बघायला पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. एकशे सव्वीस. मशीन चोख होतं. माणूसही चोख आहे, हे त्यांनी ईरम्मांना ऐकवलं. तलावाला रोज दोन फेऱ्या मारणाऱ्याला काय धाड भरलीय! हा एकशे सव्वीस त्यांनी गल्लीत इतक्या जणांना सांगितला, की लोक त्यांना लांबून बघून वळायला लागले. दोन वर्षांपूर्वी वळसंगला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ मल्लप्पा अर्धांगानं अंथरुणाला खिळला, तेव्हा तुम्हीही बी.पी. तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चनबसप्पांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता तर कुणाला बोलायला जागाच उरली नव्हती.

मग त्यांनी मीठ पकडलं. शेंगाचटणी बंद, लोणचं बंद, पापडाचा डबा शेजारणीकडे. ईरम्मांनी तक्रार केली नाही. तक्रार चनबसप्पांचीच. फेरीहून आल्यावर पूजेच्या प्रसादाचं साखर घालून कुस्करलेलं केळं खायचे, तेही हल्ली कडवट लागायचं. औषध मारून पिकवतात मेले, असं पुटपुटत ते वाटी चाटूनपुसून साफ करायचे.

शेवटी गोळ्यांचं पाकीट. रोज सकाळी एक गोळी कमी होत होती, तारखेशी बरोबर जुळत होती. डॉक्टरांनी मोठी गोळी देऊन पाहिली. आकडा एकशे सत्तरच्या खाली यायला तयार नव्हता.

डॉक्टर प्रियदर्शनींनी हा सगळा तपास शांतपणे ऐकून घेतला.

"पाकिटातून गोळी जाते, हे तुम्ही पाहिलंय, काका. तोंडात जाते, हे पाहिलंय का?"

चनबसप्पा ओशाळले. ईरम्मा गोळी पूजेनंतर घेत आणि पूजा ते फेरीला गेल्यावर होई. तीस वर्षांचा फिटर नेमकं तेच बघायचं विसरला होता.

दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि चपला हातात घेऊन परत आले. दाराआडून बघत राहिले. ईरम्मांनी लिंग तळहातावर घेतलं. हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग तशीच विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं. पानाशेजारी गोळी ठेवली, हात जोडले. गोळी उचलून तिच्यावरची मधली रेघ नखानं चाचपली आणि कट्‌कन मोडली. निम्मी तीर्थाबरोबर तोंडात टाकली. उरलेली निम्मी वाटीच्या बुडानं साखरेत चुरली आणि वर केळं सोलायला घेतलं.

"हे कुणाला?" चनबसप्पा दाराआडून पुढं आले.

ईरम्मा दचकल्या नाहीत. "तुमालाच की. मल्लप्पा पडला तवापास्नं देतीय. तुमी काय तपासून घेणार न्हाय, औषध घेणार न्हाय. मग मी काय बघत बसू व्हय?"

"आन् तू निम्मीच खातीस?"

"देवापुढं ठिवलेलं एकटीनं कसं खायचं? प्रसाद वाटला म्हणून कमी होतोय का कुटं?"

चनबसप्पा त्यांना घेऊन तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोघांनाही भरपूर झापलं. मग आठवडाभर प्रसाद बंद ठेवून चनबसप्पांचा दंड तपासला. एकशे चौसष्ट. त्यांनाही तीच गोळी लिहून दिली. हा आकडा मात्र गल्लीत कुणालाच कळला नाही.

पुऱ्या गोळीनं ईरम्मांचा आकडा उतरला आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्या पूजेला ईरम्मा तळहाताकडे बघत किती वेळ बसून राहिल्या, ते चनबसप्पांनी दाराआडून नाही, शेजारी बसून पाहिलं. आता रोज बेलाच्या पानाशेजारी दोन गोळ्या असतात. ईरम्मांना स्वच्छ दिसतं, तरी दोन्ही गोळ्या त्या नखानं चाचपून मधोमध मोडतात आणि दोन्हींतली निम्मी निम्मी नवऱ्याच्या हातावर ठेवतात.